गजबजलेल्या आकाशात शिकवताना

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या व्यवसायातील एखादा विषय विद्यार्थ्यांना व शिक्षकांना उपयोगी पडेल अशा रीतीने मांडावा, अशी संपादक मंडळाची सूचना आहे. गेली अनेक वर्षे मी लहान विमानांवर नवशिक्या वैमानिकांना उड्डाण शिकवीत आहे. या व्यवसायाविषयी लोक जे प्रश्न विचारतात ते बहुधा यंत्राविषयीचे असतात. इंजिन बंद पडले तर काय, वादळ आले तर काय, असे ते प्रश्न. प्रशिक्षकाला रात्री झोपेतून जागा करणारा प्रश्न मात्र निराळा असतो. शेजारच्या मुलाची चूक मी दुरुस्त करीत होतो, त्या दहा सेकंदांत बाहेरच्या आकाशात काय चालले होते हे मला ठाऊक होते काय? या एका प्रश्नाभोवतीच हा लेख लिहिला आहे.

वैमानिकांच्या परिभाषेत या जाणिवेला ‘सिच्युएशनल अवेअरनेस’ म्हणतात. आपण तिला परिस्थितीचे भान म्हणू. मिका एंड्सली या अमेरिकन संशोधिकेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या भानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. भोवतालच्या गोष्टी टिपणे ही पहिली, त्यांचा अर्थ लावणे ही दुसरी, आणि थोड्या वेळाने काय होणार आहे याचा अंदाज बांधणे ही तिसरी. समोर एक विमान दिसले, ही पहिली पायरी झाली. ते आपल्याच मार्गावर आहे आणि आपल्यापेक्षा सावकाश जात आहे, ही दुसरी. आणखी एका मिनिटात वळणाच्या जागी आपण त्याच्या फार जवळ पोहोचू, ही तिसरी. नवशिका विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच थांबतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रशिक्षकाला मात्र सतत तिसऱ्या पायरीवर उभे राहावे लागते, तेही शिकवता शिकवता.

शिक्षकांना हे सांगण्याची फारशी आवश्यकता नाही. फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरची कुजबूज ज्यांना ऐकू येते, पाठमोरे असतानाही कोण वर्गात नाही हे ज्यांना कळते, अशा गुरुजनांच्या हाताखाली आम्ही शिकलो. फरक एवढाच की त्यांचा वर्ग जागेवर बसलेला असे. माझा वर्ग नव्वद नॉटच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे शेहेचाळीस मीटर, पुढे सरकत असतो. दहा सेकंद पाठ फिरवली तर साडेचारशे मीटर मागे पडलेले असतात.

आकाश गजबजते म्हणजे काय, हे जमिनीवरून समजणे कठीण आहे. मुंबईच्या जुहू विमानतळावर १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लबचे काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळी शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला अवघे आकाश मोकळे होते. नंतर काही किलोमीटरवर सांताक्रूझचा मोठा विमानतळ आला आणि चित्र पालटले. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ ही प्रवासी विमाने सांताक्रूझ समजून जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरली होती. ती विमाने अनुभवी हातांत होती. धावपट्टी दिसली ही पहिली पायरी त्यांनी गाठली होती. ती कोणती धावपट्टी, या दुसऱ्या पायरीवर घात झाला. आज महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदियाजवळचे बिरसी अशा ठिकाणी उड्डाणाचे शिक्षण चालते. आपल्याकडील अनेक मुले त्यासाठी अमेरिकेतही जातात. तेथे ॲरिझोनातील डीअर व्हॅलीसारख्या तळांवर शिकाऊ विमानांची दिवसभर रीघ लागलेली असते.

अशा तळाभोवती विमाने एका ठरलेल्या आयताकार मार्गाने फिरतात. त्याला सर्किट म्हणतात. उड्डाण करायचे, काटकोनात वळायचे, धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायचे (हा भाग ‘डाउनविंड’), पुन्हा दोनदा वळून उतरायचे, आणि चाके टेकताच पुन्हा उडायचे. हे सारे जमिनीपासून साधारण हजार फुटांवर, पाच-सहा मिनिटांत होते. या एका फेरीत विद्यार्थ्याला उड्डाण, चढण, वळण, वेग कमी करणे, फ्लॅप सोडणे, रेडिओवर बोलणे आणि उतरणे हे सगळे करायचे असते. चार-पाच विमाने एकाच वेळी हा आयत गिरवीत असतात. त्यांतील एखादे एकट्याने पहिल्यांदा उडणाऱ्या मुलाचे असते, एखादे घाईत असलेल्या व्यावसायिकाचे, आणि एखादे दुसऱ्याच तळावरून येऊन मध्येच सामील होऊ पाहत असते. ते जिकडून यायला हवे तिकडूनच येईल असा भरवसा धरता येत नाही.

या आकाशाचे चित्र डोळ्यांआधी कानांनी उभे करावे लागते. प्रत्येक विमान आपले नाव, जागा आणि हेतू रेडिओवर सांगते. कसलेला प्रशिक्षक हे आवाज ऐकत मनात एक हलता नकाशा ठेवतो : अमुक आता उतरतो आहे, तमुक त्याच्या मागे, तिसरा अजून दक्षिणेकडे चार मैलांवर. नवशिक्याला हे जमत नाही. त्याच्या हेडसेटमध्ये तेच शब्द पडत असतात, परंतु त्याचे सगळे चित्त वेगाच्या काट्याला आणि स्वतःच्या घामेजल्या तळहातांना लागलेले असते. म्हणून हा नकाशा दोघांच्या वतीने प्रशिक्षकाला सांभाळावा लागतो. त्यातच मोठी गोम अशी की, प्रशिक्षक बोलू लागला की त्याच्या स्वतःच्याच आवाजाखाली नियंत्रकाचा आवाज दबतो. शिकवणे आणि ऐकणे ही दोन कामे एकाच कानात येऊन भांडतात. बाहेरचा कोणी हे सांगत नाही. माझ्याही हे ध्यानात यायला बराच काळ गेला.

आता डोळ्यांविषयी. आपल्या दृष्टीत अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच म्हणा ना. उरलेले सारे धूसर असते आणि ते मेंदू भरून काढतो. म्हणून आकाशावरून नजर सरसर फिरवली तर सगळे पाहिल्यासारखे वाटते, पण दिसलेले काहीच नसते. शास्त्रशुद्ध पद्धत अशी की क्षितिजाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद नजर थांबवावी. डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंतची एक फेरी अशा रीतीने पुरी करायला अठरा सेकंद लागतात. ही फेरी विद्यार्थ्याच्या दर चुकीबरोबर तुटते. शिवाय निरभ्र, रिकाम्या आकाशाकडे पाहत राहिले की डोळे आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतात आणि दूरचे विमान नजरेतून निसटते. त्यासाठी अधूनमधून एखाद्या लांबच्या डोंगराकडे किंवा ढगाच्या कडेकडे पाहून नजर दूरवर न्यावी लागते.

याहून फसवी गोष्ट आणखी आहे. ज्या विमानाशी आपली टक्कर होणार असते, ते काचेतून हललेले दिसत नाही. जे विमान काचेवरून सरकत जाते ते आपल्या पुढून वा मागून निघून जाणार असते. जे एकाच जागी टिकून राहते आणि हळूहळू मोठे होते, ते आपल्याकडे येत असते. मानवी डोळा हालचालीने सावध होतो, आणि येथे नेमका धोकाच अचल असतो. हे वाक्य मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगतो. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

अमेरिकेच्या विमान प्रशासनाने दुसरे विमान दिसल्यापासून त्याला चुकवेपर्यंत लागणाऱ्या वेळेचा हिशेब मांडला आहे. तो एकूण साडेबारा सेकंदांचा भरतो. त्यात दिसणे आणि हे विमान आहे हे ओळखणे यांना मिळून सेकंदाहून थोडासाच अधिक वेळ लागतो. टक्कर होऊ शकते हे उमजायला पाच सेकंद, कोणीकडे वळायचे हे ठरवायला चार. हात हलायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि विमान प्रत्यक्ष वळायला दोन. समोरासमोर येणारी दोन शिकाऊ विमाने एवढ्या वेळात सुमारे साडेअकराशे मीटर अंतर कापतात. तेवढ्या अंतरावरून लहान विमानाच्या दोन्ही पंखांची मिळून रुंदी पौर्णिमेच्या चंद्राएवढी दिसते, परंतु समोरून पाहता त्याची जाडी दोऱ्याएवढीच असते. या हिशेबात डोळ्यांचा वाटा लहान आणि मनाचा मोठा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नऊ सेकंद नुसते उमजण्यात आणि ठरवण्यात जातात. ज्याला आधीच ठाऊक आहे की त्या दिशेला एक विमान असायला हवे, त्याचे हे नऊ सेकंद पुष्कळ वाचतात. माझ्या मते परिस्थितीच्या भानाचा खरा उपयोग हा आहे.

या विषयाचा अभ्यास करताना एक अपघात टाळून पुढे जाता येत नाही, कारण त्यातील एक विमान प्रशिक्षणाचे होते. २५ सप्टेंबर १९७८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरावर सकाळी नऊच्या सुमारास आकाश स्वच्छ होते. सेस्ना १७२ या चार आसनी विमानात एक प्रशिक्षक आणि त्याचा विद्यार्थी उपकरणांच्या आधारे उतरण्याचा सराव करीत होते. विद्यार्थी अगदी नवखा नव्हता, त्याच्याकडे व्यावसायिक परवाना होता. अशा सरावात विद्यार्थ्याला बाहेरचे दिसू नये म्हणून त्याच्या डोळ्यांपुढे झापड लावतात. तेव्हा बाहेर पाहणारी डोळ्यांची जोडी एकच उरते. लिंडबर्ग विमानतळावर दोनदा उतरण्याचा सराव करून ते ईशान्येकडे निघाले. त्यांना साडेतीन हजार फुटांखाली राहून सत्तर अंशांच्या दिशेने जाण्यास सांगितले होते. मागून त्याच विमानतळाकडे पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ हे मोठे जेट उतरत येत होते.

जेटच्या वैमानिकांना सेस्नाची सूचना मिळाली. ते दिसत आहे असे त्यांनी कळवले आणि त्याच्यापासून अंतर राखण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. नियंत्रकाने सेस्नालाही सांगितले की मागून एक जेट येत आहे आणि त्याला तुम्ही दिसत आहात. पुढे काय झाले? सेस्ना सांगितलेली दिशा सोडून आणखी वीस अंश उजवीकडे, म्हणजे जेटच्याच मार्गावर वळले. ते त्यांनी कळवले नाही. जेटमधल्या वैमानिकांच्या नजरेतून सेस्ना निसटले. ते मागे गेले असावे, असे आपसांत बोलणे झाले, परंतु आता ते आम्हाला दिसत नाही असे त्यांनी नियंत्रकाला स्पष्ट सांगितले नाही. रडारच्या संगणकाने टक्कर होण्याच्या सुमारे वीस सेकंद आधी इशारा दिला. जेटला सेस्ना दिसत आहे या समजुतीने त्यावर काही हालचाल झाली नाही. सुमारे २६०० फुटांवर जेट मागून व वरून सेस्नावर आदळले. जेटमधील १३५, सेस्नातील दोघे आणि खाली नॉर्थ पार्क वस्तीतील सात, अशी १४४ माणसे मृत्युमुखी पडली.

चौकशी मंडळाने मुख्य ठपका जेटच्या वैमानिकांवर ठेवला, आणि तो योग्यच आहे. प्रशिक्षकाने मात्र ही हकिकत सेस्नाच्या खुर्चीत बसून वाचावी. मागून वरून येणारे विमान त्या खुर्चीतून दिसणे शक्य नव्हते. त्या प्रशिक्षकाजवळ एकच साधन होते, ते म्हणजे कानांनी उभे केलेले चित्र. मागे जेट आहे, हे त्याला सांगितले गेले होते. पण त्या सूचनेला जोडूनच एक आश्वासनही आले होते : त्याला तुम्ही दिसत आहात. माझ्या अनुभवाने गजबजलेल्या आकाशातील सर्वांत घातक वाक्य हेच आहे. दुसऱ्याला मी दिसतो आहे, या भरवशावर आपले भान सैल पडते. आणि वीस अंशांची ती चूक! विद्यार्थ्याच्या हातून दिशा वीस अंश भरकटणे ही सरावातील रोजची गोष्ट आहे. आम्ही ती शांतपणे, समजावून दुरुस्त करतो. मोकळ्या आकाशात ते चालते. सांगितलेली दिशा जेव्हा दुसऱ्या कोणाच्या सुरक्षेसाठी असते, तेव्हा ती चूक अध्यापनाचा विषय राहत नाही. ती त्याच क्षणी स्वतःच्या हाताने सुधारायची आणि धडा नंतर द्यायचा.

लोकांना वाटते की प्रशिक्षकाचे मोठे कौशल्य म्हणजे उत्तम समजावून सांगणे. मला आता असे वाटत नाही. गजबजलेल्या आकाशात प्रशिक्षकाचे पहिले कौशल्य म्हणजे न शिकवता येणे. चूक दिसते आहे, तिचे कारण कळले आहे, समजावण्याचे शब्द ओठांवर आले आहेत, आणि तरीही गप्प राहून बाहेर पाहणे. हे शिक्षकाच्या स्वभावाविरुद्ध आहे. म्हणून ते आयत्या वेळी सुचत नाही, ते आधीच ठरवून ठेवावे लागते. अमेरिकेत १९८१ पासून प्रवासी विमानांना असा नियम लागू आहे की दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे करू नये. लहान विमाने क्वचितच त्या उंचीच्या वर जातात, तेव्हा आमच्यासाठी तो नियम जसाच्या तसा उपयोगाचा नाही. त्याचे तत्त्व मात्र मी घेतले आहे. सर्किटमध्ये मी दोन-तीन शब्दांच्या आज्ञांपलीकडे बोलत नाही : ‘नाक खाली’, ‘वेग बघ’, ‘बाहेर बघ’. कारणमीमांसा जमिनीवर. तेथे फळा आहे, चहा आहे, आणि मागून कोणतेही जेट येत नाही.

एकाग्रतेविषयी येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या शाळेत पहाटे ध्यानाला बसवीत, तेव्हा चित्त एका जागी बांधणे हाच सर्वांत मोठा गुण आहे, असा माझा समज झाला होता. विमानात तोच समज प्राणघातक ठरू शकतो. १९७२ च्या डिसेंबरात मायामीजवळ ईस्टर्न कंपनीचे एक मोठे प्रवासी विमान दलदलीत कोसळले. पुढच्या चाकाचा निदर्शक दिवा का लागत नाही, हे पाहण्यात सगळे वैमानिक इतके गुंतले होते की विमान हळूहळू खाली उतरत आहे हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. शंभराहून अधिक माणसे त्यात गेली. एका दिव्यावर तीन अनुभवी माणसांची पूर्ण एकाग्रता झाली होती. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी ही दोन निरनिराळी अंगे सांगितली आहेत, हे आम्ही लहानपणी पाठ केले होते. ती दोन का, हे मला कॉकपिटमध्ये बसल्यावर थोडेसे कळले. विद्यार्थ्याचा हात हा प्रशिक्षकाचा निदर्शक दिवा असतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. ती कोणत्या तळावर झाली याला महत्त्व नाही. माझा विद्यार्थी खेड्यातून आलेला, मितभाषी आणि कष्टाळू होता. उतरताना विमान टेकण्याआधी नाक हलकेच वर घ्यावे लागते, त्याला ‘फ्लेअर’ म्हणतात. ते त्याला साधत नव्हते. त्या दिवशीही विमान धावपट्टीवर दोनदा उसळले. पुन्हा उडून आम्ही डाउनविंडवर आलो आणि मी त्याला फ्लेअर समजावू लागलो. मला वाटते मी चांगले समजावत होतो. हातवारे करीत होतो आणि तो माझ्याकडे पाहत होता. त्याच वेळी रेडिओवर एक सूचना झाली. मला आवाज ऐकू आला, शब्द नाही. विमानतळ आडवा ओलांडून एक विमान आमच्या मागे सामील होणार, असे ते होते. त्या विमानातील वैमानिकाने आमच्याऐवजी आमच्या पुढचेच विमान पाहिले आणि त्याच्या मागे, म्हणजे नेमके आमच्या जागेवर, यायला लागला.

‘सर,’ मुलगा म्हणाला. मी बोलत राहिलो. ‘सर, ते विमान हलत नाही.’

त्याच्या खिडकीत, पंखाखाली, ते होते. विमान माझ्या ताब्यात घेतो आहे हे शब्द उच्चारतानाच मी ते उजवीकडे वळवले. डावा पंख उचलला गेला आणि त्याखालून ते दुसरे विमान इतक्या जवळून गेले की त्याच्या अंगावरची अक्षरे मला वाचता आली. नंतर आम्ही सर्किटच्या बाहेर जाऊन दोन फेऱ्या घेतल्या आणि उतरलो. घडलेल्या प्रकाराचा अहवाल मी त्याच दिवशी लेखी दिला.

उतरल्यावर मी त्याला विचारले, ‘तुला ते केव्हा दिसले?’

‘तुम्ही फ्लेअरबद्दल सांगायला लागलात तेव्हाच, सर.’

‘मग तेव्हाच बोलला का नाहीस?’

तो खाली पाहत म्हणाला, ‘तुम्ही बोलत होता.’

पहिल्याच आठवड्यात मी त्याला दरडावले होते की मी सांगत असताना मध्ये बोलायचे नाही. तो ते विसरला नव्हता. थोरांपुढे गप्प बसावे, गुरूंचे बोलणे तोडू नये, हा संस्कार त्याच्या घराने दिला होता, शाळेने पक्का केला होता, आणि मी त्यावर शिक्का मारला होता. आपल्याकडील मुले या बाबतीत फार गुणी असतात. त्या गुणामुळे त्या दिवशी निदान पाच सेकंद वाया गेले. साडेबारा सेकंदांच्या हिशेबातले पाच.

१९७७ च्या मार्चमध्ये कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे धुक्यात दोन जम्बो जेटांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. हवाई वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात एवढे मृत्यू दुसऱ्यांदा झालेले नाहीत. उड्डाणाची परवानगी नसताना निघालेल्या विमानाचे कप्तान हे त्या कंपनीचे प्रशिक्षणातील ज्येष्ठ अधिकारी होते. विमान धावू लागल्यावर त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली की समोरचे विमान धावपट्टीवरून बाहेर गेले नाही काय? कप्तानांनी ठामपणे गेले असल्याचे सांगितले आणि ती शंका तेथेच विरली. शिकवणाऱ्याचा अधिकार जितका मोठा, तितका त्याच्या शेजारच्याचा आवाज लहान होतो. १९९६ मध्ये हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने आदळून ३४९ जण गेले. त्यानंतर आपल्या देशात मोठ्या विमानांना टक्कर टाळण्याचा इशारा देणारे यंत्र अनिवार्य झाले. आमच्या शिकाऊ विमानांत ते यंत्र सहसा नसते. काहींत आजूबाजूची विमाने दाखवणारा पडदा असतो. तो उपयोगी आहे, पण त्याचाही एक दोष असा की तो डोळे पुन्हा आत खेचतो. आणि ज्या विमानात ट्रान्सपॉन्डर चालू नाही, ते त्या पडद्यावर येतच नाही. शेजारच्या खुर्चीतील जिवंत डोळ्यांची जोडी हेच आमचे टक्करविरोधी यंत्र. ते बोलू शकेल अशी व्यवस्था मात्र करावी लागते.

म्हणून आता मी उड्डाणापूर्वी शिकवण्याच्या गोष्टींआधी काही गोष्टी ठरवून घेतो. दिसलेले विमान घड्याळाच्या भाषेत सांगायचे : ‘दहा वाजता, किंचित वर’. ते सांगताना ‘सर’ म्हणत थांबायचे नाही, माझे वाक्य पुरे होण्याची वाट पाहायची नाही. वरच्या पंखाच्या विमानात वळण्याआधी त्या बाजूचा पंख क्षणभर उचलून त्याखाली पाहायचे, कारण वळताना तोच पंख खाली येऊन वाट झाकतो. विमानाचा ताबा कोणाकडे आहे हे दोघांनी मोठ्याने बोलून, उलट उच्चारून पक्के करायचे. मधूनमधून मी अचानक विचारतो की आपल्या पुढे कोण आहे आणि आपला क्रमांक कितवा. हा प्रश्न विद्यार्थ्यासाठी असतो तितकाच माझ्यासाठीही असतो. मनातल्या मनात मला त्याचे उत्तर देता आले नाही, किंवा रेडिओवरचा एखादा आवाज मला अनपेक्षित वाटला, तर माझा नकाशा पुसला गेला आहे असे मी समजतो. मग त्या दिवशीचा धडा कितीही रंगात आलेला असो, मी विमान हातात घेतो आणि सर्किटच्या बाहेर पडतो. विद्यार्थी खट्टू होतात. उड्डाणाचा तास महाग असतो, घरच्यांनी कर्ज काढलेले असते, आणि बाहेर घालवलेली दहा मिनिटे त्यांच्या खात्यावर पडतात. ही अडचण खरी आहे. मला तिच्यावर उपाय सापडलेला नाही.

उतरल्यावर, इंजिन बंद झाल्यावर आणि फ्लेअरविषयी एक शब्दही बोलण्यापूर्वी, मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारतो : आज मला न दिसलेले विमान कोणते होते? पहिले काही दिवस मुले संकोचाने एकही नव्हते म्हणतात. परवा एका मुलीने दोन सांगितली. त्यातले एक मला दिसले होते.